फ्लोराचा कामावरचा चेहरा

फ्लोरा तळकर ही मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातली. लग्न होऊन लंडनमधल्या हॅरोला आली ती इथलीच झाली. शहरातल्या एका हॉस्पिटलात लोकांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, काढण्यात तिचं आयुष्य गेलं. छातीवर थंडगार जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, पडद्यावर हलणारं हृदय मोजायचं. पण खरी अवघड गोष्ट ती नव्हेच. पेशंट पडद्याकडे बघत नाही, तो बघतो इको काढणाऱ्याच्या तोंडाकडे. भुवई जरा वर गेली की त्याचा जीव अर्धा होतो. निदान सांगणं डॉक्टरांचं काम; तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही. “चेहरा घरी ठेवून यायचं,” असं ती नव्या मुलींना शिकवायची. या विद्येत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. तिचा नवरा योएल मेट्रोपॉलिटन लाइनवर ट्रेन चालवून रिटायर झालेला. हल्ली पिनरला मुलीकडे जाताना चढावर त्याला धाप लागायची. मग तो थांबायचा आणि लोकांच्या बागेतल्या गुलाबांचं कौतुक करायचा. ज्याने जन्मात गुलाब आणि कोबी यांत फारसा फरक केला नाही, त्याला एकाएकी फुलांचं वेड का लागलं, हे कळायला फ्लोराला इको लागत नव्हता. डॉक्टरकडे चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, “वय झालं गं, आणखी काय.” ती त्याच्या श्वासाकडे कान लावून जेवायची.

शेवटी तिने युक्ती काढली. विभागात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. हृदयाचा डावा वरचा कप्पा भरताना किती ताणला जातो, हे ते मोजायचं. तो कप्पा मोठा आणि ताठर होत चालला, तर पुढे ठोके बेताल होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, आणि हृदय दमत जाण्याचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो. माणूस हिंडता-फिरता असतानाच त्याचा अंदाज यावा, एवढीच त्यामागची खटपट. मुलींच्या सरावासाठी माणसं हवी होती. “नुसतं पडून राहायचं,” ती योएलला म्हणाली. पडून राहायचं म्हटल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

फ्लोराच्या हाताखाली शिकणाऱ्या साराने प्रोब ठेवला. “हार्ट सापडलं तर माझ्या बायकोला सांग हं, तिचा विश्वास नाहीये,” योएल तिला इंग्रजीत म्हणाला. सारा हसली. मग हसायची थांबली, आणि तिचा चेहरा सपाट झाला, अगदी शिकवला होता तसा. पडद्याकडे बघायच्या आधीच फ्लोराला कळलं होतं. मग तिने बघितलं. कप्पा मोठा होता आणि ताणाचा आकडा खाली होता. आकडा म्हणजे रोग नव्हे, हे ती मुलींना नेहमी बजावायची. तेच आता तिने स्वतःला बजावलं.

“काय गं, ओके ना सगळं?” योएलने विचारलं.

“रिपोर्ट कन्सल्टंट डॉक्टर बघतील. ते सांगतील तुला.”

एवढ्या वर्षांच्या संसारात हे पेशंटला म्हणायचं वाक्य तिने नवऱ्याला कधी म्हटलं नव्हतं. योएलने शर्टाची बटणं लावली.

कँटीनमध्ये दोघं चहा घेऊन बसली.

“तो चेहरा काढ,” योएल म्हणाला.

“कसला चेहरा?”

“पेशंटवाला. गेले कित्येक महिने माझ्या छातीत मधूनच फडफडतं गं, मग थांबतं. तुला सांगायला किचनमध्ये यायचो. पण तू हाच चेहरा केला असतास, आणि मला काहीच कळलं नसतं. नुसती भीती वाटली असती.”

“मग कुणाला सांगितलंस?”

“एलियाहू हन्नाबीला. नोआच्या परीक्षेसाठी म्हणून मलिदा केलास ना? नवस माझाच होता. तिचं आपलं नाव.”

गोड पोह्यांचं, खोबऱ्या-फळांचं ते मलिद्याचं ताट फ्लोराने स्वतःच्या हातांनी मांडलं होतं. एलियाहू प्रेषिताचं नाव घेत नातीसाठी, नोआसाठी, मनोभावे प्रार्थना केली होती. आणि हा शेजारी बसून मुकाट्याने स्वतःचा जीव मागत होता.

फ्लोराला रडू कोसळलं. भर कँटीनमध्ये, अंगावर युनिफॉर्म असताना.

“मला भीती वाटतेय, योएल,” ती म्हणाली. “कप्पा मोठा झालाय तुझा. ठोके पुढे कधीतरी बेताल होतील म्हणून मी घाबरत होते, आणि ते बहुतेक सुरूच झालंय. त्याने हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली असती तर? त्यावर गोळ्या आहेत रे, पण त्या देणार कुणाला? गप्प बसणाऱ्याला?”

योएल तिच्याकडे बघत होता. बायको रडतेय आणि याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी.

“एकदा जिन्यात चक्कर पण आली होती,” तो म्हणाला.

फ्लोरा उठली. नाक पुसायलाही थांबली नाही. ठोक्यांची नोंद घेणारं मशीन आजच्या आज त्याच्या छातीला लावून घ्यायचं, मग कन्सल्टंटना कितीही काम असो. तिने त्याचा दंड धरला.

“आणखी काय काय लपवलंयस?”

“बरंच आहे. बसून सांगू, की चालता चालता?”

“चालता चालता,” ती म्हणाली. “पण हळू चाल.”