सासूबाईंची कळशी

आमच्या ह्यांना कसलंही वेड नव्हतं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, क्रिकेटसुद्धा भारत जिंकत असेल तरच. माहेरी मुरबाडला मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आणि लग्नाला चांगली आठ-नऊ वर्षं झाल्यावर एका रविवारी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून गाद्यांमध्ये गुंडाळलेली काचेची भलीमोठी टाकी उतरली.

ह्यांच्या ऑफिसातले साहेब बदलून परराज्यात चालले होते. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती, त्यात मासे, कोळंबी आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. हे फायली पोचवायला जायचे आणि टाकीसमोर उभे राहून हातातला चहा थंड करायचे. साहेबांनी विचारलं, नेतोस का? घरात कुणाला न विचारता ह्यांनी हो म्हणून टाकलं. आमचं घर आसनगावहून आत, भाताच्या खाचरांना लागून. पावसाळ्यात चढणीचे मासे धरायचे आणि तव्यावर टाकायचे, एवढंच आम्हाला माशांचं ज्ञान. टाकी बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, कधी तळताय?

सासूबाईंनी तेवढं विचारलं नाही. टाकीत खडबडीत दगड होते आणि त्यांच्यावर कोरल चिकटलेलं होतं, हिरव्या बटणांसारखं. ह्यांनी ऐटीत सांगितलं, आये, हे जिवंत दगड आहेत. सासूबाई डोळखांबकडच्या, रानातल्या. जिवंत दगडाचं त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. कुठला देव, एवढंच विचारून त्यांनी काचेला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं. हे पुसायला गेले तर त्यांनी असं काही बघितलं की कुंकू राहिलं ते राहिलंच.

मग आमचे हाल सुरू झाले. त्या वर्षांत लोडशेडिंग असं होतं की वीज यायची ती पाहुणी म्हणून. ह्यांनी इन्व्हर्टर आणला. मी खूश झाले, म्हटलं पंखा चालेल. कसला पंखा! इन्व्हर्टर टाकीच्या पंपासाठी. आम्ही माणसं पुठ्ठ्याने वारा घेत घामाघूम बसायचो आणि मासे आरामात फिरत आमच्याकडे बघायचे. शिवाय नियम. साबणाचे हात नकोत, उदबत्ती नको, जोरात दार आपटायचं नाही. एकदा पाण्यावर तरंगणारा कचरा काढायला मी देवघरातली पळी घातली, तर ह्यांनी अख्खी दुपार मला शिकवलं, की तांबं-पितळ पाण्याला लागता कामा नये, तांब्याने कोरल मरतं. एवढी माया कधी माझ्या तापाला दाखवली नव्हती.

त्यात पाणी उडून जायचं. मीठ मागे राहतं, पाणी तेवढं कमी होतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून काचेवरच्या रेघेपर्यंत भरायचं. तेही बोअरचं चालत नाही. ह्यांनी गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणायला सुरुवात केली. झालं, गावाला विषयच मिळाला. पारावर ह्यांना विचारायचे, काय रे, मासे सेल्फ-स्टार्टने चालतात का?

एक गोष्ट मात्र मी कबूल केली पाहिजे, टाकीने सासूबाईंना उठवून बसवलं. गुडघ्यांमुळे त्यांचं शेतावर जाणं सुटलं होतं, आणि तेव्हापासून, आता माझं इथे काय काम, हे दिवसातून दहादा ऐकायला लागायचं. चूल माझ्याकडे, शेत दिरांकडे. फार वाईट वाटायचं मला, पण करणार काय. टाकी आल्यावर त्या दुपारभर तिच्यासमोर बसायला लागल्या. कोरल उघडलं की मला हाक मारायच्या, चल गो, फुलं उमलली. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या मे महिन्यात मुरबाडला माझ्या भावाचं लग्न निघालं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे येता येईना. ह्यांचा पाय निघेना, पण मेहुण्याचं लग्न, न जाऊन कसं चालेल. शेवटी ह्यांनी टाकी आईच्या ताब्यात दिली. रेघ दाखवली, बॅटरीच्या पाण्याचे कॅन दाखवले. सासूबाईंनी अशी मान डोलावली की जणू सातबारा त्यांच्या नावावर चढला.

चार दिवसांनी आम्ही आलो. हे चपला न काढताच टाकीपाशी गेले आणि तिथेच खाली बसले. कोरलची बटणं मिटून काळपट पडली होती, कोळंबी उलटी पडलेली. मासे तेवढे फिरत होते. ह्यांनी खारटपणा मोजला, गरमपणा मोजला. सगळं जागच्या जागी. पाणी बरोबर रेघेवर. मग माझी नजर टाकीशेजारच्या स्टुलावर गेली. तिथे तांब्याची कळशी होती, लखलखीत घासलेली. बाजूला बॅटरीच्या पाण्याचे कॅन न उघडलेले. ह्यांनीही पाहिलं.

सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. म्हणाल्या, "ब्याटरीचं पानी कोन पाजतं रे जित्या जिवाला? मी रोज कळशी चिंचेनं घासली, रातभर पानी भरून ठेवलं, सकाली घातलं. तरी फुलं सुकली, म्हनून काल दोनदा घातलं." आणि मग अगदी हळू, "माजं काय चुकलं का रे?"

घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यांनी घातलं होतं. आमच्याकडे आजाऱ्याला तेच देतात.

पळीसाठी माझी अख्खी दुपार घेणाऱ्या ह्या माणसाने कळशी उचलली, आत बघितलं आणि परत स्टुलावर ठेवली. मी आपली देवाला हात जोडून उभी. मग हे म्हणाले, "नाय गो आये. तांब्याचं पानी माशांना औषध असतं. फुलं जुनीच झाली होती."

पहिलं खरं होतं, माशांच्या रोगावर खरंच तांब्याचं औषध घालतात. दुसरं साफ खोटं.

झालं, औषध म्हटल्यावर काय! दुसऱ्या दिवसापासून सकाळी सासूबाई मोरीपाशी कळशी घासायला बसल्या. टाकीत रोज फुलपात्रभर पाणी त्यांच्या हातचं. हे शेजारी उभे राहून पुरे पुरे म्हणायचे, आणि त्या शेजारच्या देवळात गेल्या की गुपचूप टाकीतलं पाणी बदलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई सांगायच्या, पोराला काय ठावं होतं, माशांना मी जगवलं.

दिवाळीच्या सुमारास ह्यांच्या ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला, कोरल आलंय, फुकट ठेवून देतो तुमच्यासाठी. ह्यांनी नको म्हणून सांगितलं. मला तर चिमटा काढायला आयतीच संधी. म्हटलं, "उतरलं वाटतं वेड?"

हे काच पुसत होते, कुंकवाच्या बोटाला वळसा घालून. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ते आणलं तर आयेला काय काम सांगू?"

मोरीवरून सासूबाईंचा आवाज आला, चिंच संपत आलीय, शनिवारी बाजारातून जास्तीची आण.