साइट उघडत नाहीये

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घरात शेंगदाणे किती उरलेत इथपासून सगळं तिला सांगणारा मी माणूस. पण हे नाही. मुलीला नाही, मित्राला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण कुठून तरी सुरुवात करायला हवी, आणि ती आज व्हायला हवी. उद्या उशीर होईल.

उद्या दुपारी एक वाजता माझ्या मुलाचा, निनादचा, दहावीचा निकाल आहे. चार दिवस झाले, पोरगा धड जेवत नाही. नखं खाऊन संपली, आता बोटांची सालं काढतोय. आई म्हणाली, क्रिकेट खेळून ये. गेला, आणि मैदानाच्या कडेला बसून परत आला. मला त्याचा राग येत नाही. कसा येईल? असं वाट बघणारं एक पोर मी पूर्वी जवळून पाहिलंय. तिच्या बाबतीत मी काय केलं, तेच सांगायचंय.

आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहतो. समोरच्या दारात रेजिनाताई. मूळच्या उत्तनच्या, नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. त्यांची लवीना आणि माझी मुग्धा एकाच वर्गात, बारावी कॉमर्सला होत्या. मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो. त्यामुळे परीक्षा सुरू असताना एक पद्धतच पडली होती — पेपर झाला की दोघी प्रश्नपत्रिका घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी यायच्या, आणि मी पेन्सिलने एकेका प्रश्नापुढे गुण मांडायचो. कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. पण आकडे मांडले की मला बरं वाटतं. रेजिनाताई दारातून हसायच्या, ‘भाऊ, तुमी पेपर तपासनाऱ्याला पन घाम फोडाल.’

अकाउंट्सच्या पेपरच्या दिवशी लवीनाने तिच्या बॅलन्स शीटची बेरीज सांगितली. माझी वेगळी येत होती. मुग्धाची माझ्याशी जुळली. मी लवीनाला म्हटलं, मोठा प्रश्न गेला तुझा, त्याचे गुण धरू नकोस. तिचा चेहरा उतरला. रात्री पुन्हा एकदा गणित करून बघावं, असं वाटलं होतं. केलं नाही. ऑफिसात पैशाचा फरक आला तर मी घरी जात नाही — आणि इथे मात्र पेन्सिल ठेवून झोपलो.

मग निकालाची वाट. तिने तो पेपर मनातून सोडलाच नाही. जिन्यात भेटली की विचारायची, ‘काका, नुसती बेरीज चुकली तर स्टेप्सचे मार्क देतात ना?’ मी म्हणायचो, देतात थोडे. थोडे! केवढा रुबाब होता माझा त्या शब्दात.

निकालाच्या दिवशी मी रजा घेतली होती. बोर्डाच्या साइटवर दोनच गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. लवीनाने फोन बंद करून उशीखाली ठेवला होता. मला बघवणार नाही, म्हणाली. रेजिनाताईंनी क्रमांक माझ्या हातात दिला. ‘सकालपासून पानी पन न्हाय प्यायली पोरगी. मला ते साइट-बिइट न्हाय जमत. तुमीच बघा, भाऊ.’ आईचं नाव तर मला ठाऊकच होतं.

आधी मुग्धाचा उघडला. ब्याऐंशी टक्के. घरात आनंद झाला. बायकोने मुग्धाची दृष्ट काढली, तिच्या मावश्यांना फोन लागले. ठाण्याची मावशी स्पीकरवर ओरडत होती, ‘बापावर गेली गं, बापावर!’ त्या गलक्यात मी बेडरूममध्ये जाऊन लवीनाचा उघडला.

एक्क्याण्णव टक्के. अकाउंट्समध्ये शंभरापैकी शहाण्णव.

मी बघत राहिलो. बाहेर ‘बापावर गेली’ चाललं होतं, आणि बापाची बेरीज चुकीची निघाली होती. माझ्याशी बेरीज जुळलेली माझी मुलगीही तिथेच मागे पडली होती. तेव्हा नेमकं काय वाटलं? हेवा म्हणू? लाज म्हणू? दोन्हीही होतं. पण त्याहून साधी गोष्ट अशी — मला हवं होतं की पेढे वाटून होईपर्यंत तरी या मजल्यावर ब्याऐंशी हाच मोठा आकडा असावा.

मी फोन खिशात घातला. दारात रेजिनाताई उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘साइट उघडत नाहीये.’

‘मुग्धाचा आला ना?’

‘तिचा लगेच आला. मग बंद पडली.’

त्यांनी मान हलवली आणि मुग्धाच्या गालावरून हात फिरवला. थोड्या वेळाने पुन्हा आल्या. मी पुन्हा तेच बोललो. तिसऱ्यांदा तर मी त्यांच्यासमोर फोन काढून बोटाने स्क्रीन घासून दाखवली — बघा, अजून नाहीच. हातात पेढ्याचा बॉक्स होता माझ्या. एक पेढा मी त्यांनाही दिला.

समोरच्या दाराआड ती पोरगी काय समजत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही, असं मला लिहिता आलं असतं. पण तो आला होता. कळेलच तासाभरात, असं मी स्वतःला म्हणालो, आणि खालच्या मजल्यावर पेढे द्यायला गेलो.

लवीनाने सरळ अर्थ लावला, हे नंतर तिच्याच बोलण्यातून कळलं. मुग्धाचा दिसला, माझा दिसत नाही. म्हणजे मी नापास, आणि काका लपवतायत. मी लपवतोय हे तिने अचूक ओळखलं होतं. काय लपवतोय ते कुठून कळणार?

मी वर आलो तर रेजिनाताई जिन्यात. पायात चप्पल नाही. ‘भाऊ, पोरगी घरात न्हाय. फोन उशीखालीच हाय.’

मी आमच्याजवळच्या खाडीकडे धावलो. दुसरीकडे का नाही गेलो? कारण मला माहीत होतं, काय भीती आहे ते. गणपती विसर्जनाला जिथे गर्दी होते, तिथल्या खालच्या पायरीवर ती बसली होती. चपला वर, नीट जोडून ठेवलेल्या. भरती होती, पाणी तिच्या पावलांपर्यंत आलं होतं. मी लांबूनच ओरडलो, ‘लवीना! एक्क्याण्णव टक्के! आत्ताच साइट उघडली!’

आत्ताच. तेव्हासुद्धा मी ‘आत्ताच’ म्हणालो.

तिने वळून पाहिलं. विश्वास बसायला तिला वेळ लागला. मग वर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिथे का बसली होती, ते मी कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती. अजूनही ते मला माहीत नाही.

त्यानंतर समोरच्या घरात मी देवमाणूस झालो. दर नाताळला कुलकुलांचा, त्या तळलेल्या गोड खाऊचा, पहिला डबा आमच्याकडे येतो. ‘काकांनी शोधून काढलं मला,’ लवीना पाहुण्यांना सांगते. ती आता सीएची आर्टिकलशिप करते. तिच्या हाताखालून माझ्यासारखे किती हिशोब जात असतील. आणि मी दर वर्षी डबा घेतो, उघडतो, खातो.

काल संध्याकाळी ती निनादला भेटायला आली. त्याला जबरदस्तीने वरण-भात खायला बसवलं, समोर स्वतःही बसली. म्हणाली, ‘अरे, मीपण असाच उपाशी राहिले होते. उपाशी डोक्यात फक्त वाईटच येतं. जेव, फेऱ्या मार, कुणाशी तरी बोल. एकटा बसू नकोस. आणि बघवत नसेल तर काकांना बघायला दे. काकांनी माझ्यासाठी त्या दिवशी किती वेळा ट्राय केलं, माहितीये?’

निनादने माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांनी त्याने पोटभर भात खाल्ला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

किती वेळा? एकदाच. पहिल्याच फटक्यात उघडली होती.

निनादला मी आज सकाळी सांगितलं, निकाल तूच उघडायचा, मी शेजारी बसेन, जो काय असेल तो तुझ्याबरोबर पाहीन. तो बरं म्हणाला. राहिलं समोरचं दार. लवीना साडेसातला ऑफिसातून येते, रेजिनाताई त्या वेळी घरीच असतात. बायकोला मी त्याआधी स्वयंपाकघरात सांगणार आहे. उद्यापर्यंत थांबलो तर निकाल येईल, चांगला लागला तर हातात पेढे असतील, आणि पेढ्यांबरोबर सांगणं फार सोपं जाईल. तसं नको. म्हणून आज.

वाक्य ठरवून ठेवलंय, म्हणजे दारात गेल्यावर फिरवता येणार नाही: लवीना, साइट उघडली होती. तुझा निकाल मी मुग्धाच्या पाठोपाठच पाहिला होता, आणि तू पुढे होतीस म्हणून लपवला. खाडीवर तुला मी शोधलं नाही. तिथे तुला मीच पाठवलं होतं.

त्यापुढे त्या दोघी जे म्हणतील, ते उभं राहून ऐकेन.

सात वाजून गेलेत. बायको स्वयंपाकघरात आहे, आधी तिकडे जातो. लिफ्टचा आवाज येतोय.