दोह्यात पारखलेली गाडी

दोह्याच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा तोंडावर जी वाफ आली, ती मला ओळखीची वाटली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की अशीच येते. जून महिना होता. मनात म्हटलं, उन्हाचं एवढं काय कौतुक, आमच्या विट्यात काय कमी तापतं? या प्रवासातली ही माझी पहिली चूक, आणि ती मी विमानतळाच्या दारातच केली.

विट्यात माझं गॅरेज आहे. पण गॅरेजपेक्षा माझं नाव आहे ते जुनी गाडी पारखण्यात. आमच्या भागात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. भल्या सकाळी, इंजिन थंड असताना गाडी बघायची, हा माझा शिरस्ता. थंड इंजिन खोटं बोलत नाही, असं मी येईल त्याला ऐकवत आलोय. तीस वर्षं हे एक वाक्य माझ्या पोटापाण्याला पुरलं.

माझा मेहुणा संजय, म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, बारा वर्षं कतारमध्ये पंप फिटर आहे. बायकापोरं गावाकडे, हा इथं. आता कंपनी सोडून त्याने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं. शहराबाहेरच्या इज़ब्यांवर (शेतवाड्यांवर) बोअरचे पंप उतरवायचे आणि दुरुस्त करायचे. त्यासाठी पंप, पाइप, चेनब्लॉक (पंप वर ओढायची साखळी-कप्पी) आणि जनरेटर एका खेपेत वाहून नेणारी दणकट पिकअप हवी होती. जवळ होतं तेवढ्यात गाडी एकच येणार होती. ती फसली तर पुन्हा कुणाच्या तरी कंपनीत हजेरी लावायची, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून त्याने तिकीट पाठवून मला बोलावलं. ‘‘दाजी, तुमी बगितल्याबिगर मी गाडी घेत न्हाय,’’ म्हणाला. मी निम्म्या विट्याला सांगून निघालो, की अमेरिकन गाड्या बघायला कतारला चाललोय.

संजय अल मन्सूरात राहतो. जुन्या इमारती, खाली किराणा, केरळी हॉटेलं, आणि एका खोलीत चार खाटा. पहिल्या दिवशी त्याने मला मेट्रोने वेस्ट बेला नेऊन काचेचे टॉवर दाखवले. मी मान वर करून करून थकलो. परत येऊन आम्ही पराठा आणि करक (उकळून दाट केलेला वेलदोड्याचा चहा) घेतला. चहा पिता पिता मी विचारलं, इथं सगळे जपानी पिकअप घेतात, मग तू अमेरिकन का? तो म्हणाला, जपानी गाडी म्हातारी झाली तरी भाव सोडत नाही. अमेरिकन पेट्रोल पिते, म्हणून लवकर स्वस्त होते, पण ओझं मात्र बैलासारखं ओढते. हिशेब पटण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी अल रय्यानच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेलो. आवार उघडायच्या आधी मी दारात हजर. तीन अमेरिकन कंपन्यांच्या तीन पिकअप होत्या: पांढरी, मरून आणि राखाडी. कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही. घोटाळा कंपनीचा नव्हता, माझा होता.

संजय विक्रेत्याकडे कागद बघायला आत गेला. तेवढ्यात एक साठीचा माणूस आला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पायात जाड चपला. हे सलीमभाई, पाण्याचा टँकर चालवतात, गाडी बघायला येतील, असं संजयने सांगून ठेवलं होतं. मी त्यांच्याशी हिंदीत बोललो. नाव सलीम, दाढी पांढरी, म्हणजे हिंदीच, एवढा विचारही मी केला नाही. तेही हिंदीतच बोलले.

‘‘भाई, दोपहर को देखते हैं ना. अभी तो सब गाड़ी अच्छी लगेगी.’’

मी हसलो आणि कामाला लागलो. तेलाचं झाकण काढून धूर बघितला. सायलेन्सरला हात लावला. खाली सरपटून चेसी ठोकली. मरून गाडीची सीट फाटलेली, रन (चाललेलं अंतर) भरपूर झालेलं, बॉनेट उन्हाने पांढुरकं पडलेलं. राखाडी सगळ्यात नवी, पण तिच्यात टर्बो आणि वायरींचं जंजाळ. बिघडली तर लॅपटॉपवाला शोधावा लागणार. पांढरी मात्र शेडखाली सावलीत उभी होती आणि नवरीसारखी दिसत होती. रन कमी, आवाज घड्याळासारखा. माझा निकाल अर्ध्या तासात लागला.

सलीमभाईंची तऱ्हा निराळी. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ऊन चढल्यावर मरून गाडी उघड्यावर काढली, काचा वर केल्या, एसी पूर्ण सोडला, आणि इंजिन चालू ठेवून आत नुसते बसून राहिले. अर्धा तास! मग राखाडीत जाऊन बसले. तिथंही अर्धा तास. मी बाहेर घामाने निथळत होतो. डोकं तापलेलं, त्यात सुनंदाचा फोन आला. सलीमभाई राखाडीची काच खाली करून तापमानाच्या काट्याकडे बघत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून मराठीत म्हणालो, ‘‘अगं, तुझ्या भावानं एक म्हातारा बोलावलाय. सकाळपासून गाड्यांत एसी खात बसलाय. फुकटचा गारवा! त्याला गाडीतलं काय कळतंय?’’

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काच वर केली.

थोड्या वेळाने उतरून त्यांनी विक्रेत्याला पांढरी गाडी उन्हात काढायला सांगितलं. विक्रेत्याने टाळाटाळ केली. दुसरं गिऱ्हाईक येतंय, लवकर सांगा, म्हणाला. सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘ये वारिद (बाहेरून आणलेली) है. ठंडे मुल्क की गाड़ी. वो मरून वाली खलीजी (आखाती हवेसाठी बनवलेली) है, उसका रेडिएटर बड़ा होता है. इसको भी धूप में आधा घंटा खड़ी करो, फिर बोलो.’’

आणि मी, विट्याचा पारखी, काय म्हणालो? ‘‘भाई, गाड़ी चलाना अलग, गाड़ी पहचानना अलग.’’

हे लिहितानाही कान तापतात.

‘‘ठीक है. आपकी मर्ज़ी,’’ एवढं म्हणून त्यांनी नळावर हात धुतले, आत कागदांत गुंतलेल्या संजयला हात केला आणि निघून गेले. संजय आतून आला तेव्हा मी पांढरीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. त्याने विचारलं, ‘‘सलीमभाई काय म्हनले?’’ मी म्हणालो, ‘‘त्यांना घाई होती. तू ही घे.’’ त्याने घेतली.

कागद नावावर झाले आणि शुक्रवारी पहिलं काम मिळालं. दोह्याबाहेर, शहानिया गावाच्या पुढे एका इज़ब्यावरचा पंप जळला होता. शंभरेक शेळ्या, आणि टाकीत संध्याकाळपुरतं पाणी. मुकादमाने फोनवर बजावलं होतं, ‘‘यल्ला, जल्दी.’’ नव्या पंपाच्या जोडणीला वेळ गेला आणि सगळं लादून निघेपर्यंत अकरा वाजले. रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना फिकट दगडी माळ, झाड म्हणावं असं काही नाही. मध्येच कुंपणापलीकडून उंटांची रांग चाललेली, अंगावर झुली घातलेली. मी मोबाइलवर फोटो काढत होतो. आत एसीचा गारवा होता आणि मी संजयला थंड इंजिनाची थोरवी सांगत होतो.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाड्या थांबल्या. आम्ही थांबलो आणि काटा चढायला लागला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाईल. त्या उन्हात हीटर! दहा मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ आली. कशीबशी गाडी कडेला घेतली. जवळचं प्यायचं पाणी ओतलं, ते पुरलं नाही. डॅशबोर्डवर नीट वाकून पाहिलं तेव्हा आणखी एक शोध लागला. रनच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात मैल लिहिलं होतं. मी तो आकडा किलोमीटरचा धरून गाडी कमी चाललेली ठरवली होती.

संजय गाडीच्या सावलीत उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘‘पयलंच काम हाय, दाजी.’’

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याने फोन लावला. कुणाला लावला ते मला कळलं आणि वाटलं, त्यांनी येऊच नये.

पाऊण तासात टँकर आला. सलीमभाई खाली उतरले. आधी गाडीभोवती फिरले, झाकणाला हात न लावता वाफ बघितली, संजयच्या खांद्यावर हात ठेवला. टँकरमध्ये निम्मं पाणी शिल्लक होतं. त्यांनी टँकरच्या मालकाला फोन करून विचारलं, हे पाणी इज़ब्यावर ओतू का? मालक हो म्हणाला. मग ते माझ्याकडे वळले. मी मान खाली घालून उभा होतो, सदरा अंगाला चिकटलेला. ते स्वच्छ मराठीत म्हणाले,

‘‘या भाऊ, वर येऊन बसा. एसी लावलाय.’’

पायाखालची वाळू सरकली म्हणतात, ती खरोखरच्या वाळवंटात सरकली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला आधार वाटला असता.

संजय पांढरीजवळ थांबला, मी टँकरमध्ये चढलो. शेवटी मी विचारलं, ‘‘तुम्ही मराठी?’’

‘‘दापोलीचा. सातवीपर्यंत मराठी शाळाच.’’

‘‘मग त्या दिवशी बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही घरी बोलत होतात. माणूस बायकोशी बोलतो तेव्हा मध्ये कशाला पडायचं?’’ थोडं थांबून, जणू एवढंच सांगायचं राहिलं होतं अशा सुरात ते म्हणाले, ‘‘इथं गाडी पळताना मरत नाही, भाऊ. उभी राहिली की मरते. पळताना वारा लागतो. उभ्या गाडीला वारा कुठला? म्हणून भर दुपारी बसून बघायचं. आत एसी गार राहिला आणि काटा हलला नाही, तर गाडी घ्यायची.’’

मला माफ करा, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, ‘‘रस्ता चांगला आहे.’’ ते म्हणाले, ‘‘हो, रस्ते चांगलेच आहेत.’’

इज़ब्यावर त्यांनी टाकीत पाणी सोडलं. शेळ्या धावत आल्या. मुकादमाचा आवाज उतरला, त्याने खजूर पुढे केले. उन्हं कलल्यावर सलीमभाईंनी मागे जाऊन, राखून ठेवलेलं पाणी पांढरीत भरलं, आणि संजयने एसी बंद ठेवून, काचा उघड्या टाकून ती हळूहळू आणली. नवा पंप बसवून झाला. काम हातचं गेलं नाही, तेही सलीमभाईंमुळे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या आवारात गेलो. मरून गाडी आदल्याच दिवशी गेली होती. पांढरी परत घ्या म्हणालो तर विक्रेत्याने हात झटकले, ‘‘खलास.’’ संजयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘असू द्या ओ दाजी. एसी बंद ठिवला की झ्याक पळती. आनि हितं कोन गारव्याला आलंय?’’

निघायच्या दिवशी मला सोडायला सलीमभाई विमानतळावर आले. दापोलीला बहिणीकडे द्यायला खजुरांचा डबा दिला. तो डबा मी स्वतः जाऊन पोचवला. पोस्टाने पाठवला नाही. माफीचे शब्द मात्र बहिणीलाही सांगता आले नाहीत.

आता विट्यात लोक विचारतात, तीन अमेरिकनमध्ये कुठली खरी? मी सांगतो: राखाडी पैसेवाल्याने घ्यावी, मरून कष्ट करणाऱ्याने, आणि पांढरी तिच्या मुलखात उत्तम आहे. ती चांगली गाडी आहे, वाईट पारखी भेटला. हल्ली गाडी बघायला बोलावलं तर मी दुपारी जातो, एसी सोडून आत अर्धा तास बसतो. गिऱ्हाइकं हसतात. हसू देतो.

संजयला मी रोज दुपारी फोन करतो. तिकडे तो कुठल्या तरी इज़ब्याच्या वाटेवर असतो. मी विचारतो, ‘‘गाडी कशी आहे?’’

‘‘झ्याक, दाजी. रेडिएटर मोठा टाकून घेतला. एसी लावून गारेगार चाललोय बगा.’’

आणि त्याच्या आवाजाच्या मागे, उघड्या खिडकीतून येणारा वारा मला फोनमध्ये स्पष्ट ऐकू येत असतो.