माझ्या पेटीचा मुका सूर

मंडळी, आज अकोल्यात उट्टं काढून आले. तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण गोड लागणार नाही.

भजन स्पर्धेत विमलताईंनी गौळण गायली. आधी माइकवर सांगितलं, "चाल माझी स्वतःची आहे." चाल माझी होती! गेल्या श्रावणात मोर्शीला आमच्या ओसरीत बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, त्यांनी ती मोबाइलात भरून नेली होती.

मी उठून तसं म्हटलं, तर त्या हसल्या. "काकू, सूर सातच असतेत. चाली सारख्या होनारच."

"खरं हाय बाई," मी म्हटलं. "पण रे वरून थेट म वर काहून उडी मारता? माह्या जुन्या पेटीचा ग वाजतच नाई, म्हनून मले तो चालीतून काढा लागला. तुमची पेटी तर नवी हाय. तिले काय झालं?"

अख्खा मांडव हसला. विमलताईंचं तोंड कारल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दोन चाली आपोआप जुळतात, हे मी मानते. पण दोन पेट्यांचं दुखणंही जुळतं का हो?

उद्या पेटी दुरुस्तीला टाकणार होते. आता तुम्हीच सांगा, टाकू, की हा मुका पहारेकरी तसाच राहू देऊ?