जमनावहिनींचा आडोसा

समस्त तापीकाठास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गावात भर दुपारी, डोक्यावर पदर आणि हातात तांब्या घेऊन, कुणाच्याही बापाला न घाबरता लघवीला जाणारी पहिली सून गेल्या महिन्यात निवर्तली. त्यातला बाप माझाच असल्याने हे जाहीर करण्याचा मान माझा!

जमनावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला आग, ओटीपोटात कळ, चार दिवस बरं की पुन्हा तेच. आईने धण्याचं पाणी दिलं, सब्जा दिला आणि वर कडक पथ्य लावलं, पाणीच कमी प्यायचं. जावंच लागलं नाही तर जळेल कशाला! शेवटी वहिनीला बैलगाडीचे हादरे सोसेनात, म्हसावदचं माहेर तुटलं... तेव्हा दादाने आणि मी तिला रेल्वेने सुरतेला, मूत्रविकारांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उकळलेल्या बाटलीत नमुना घेतला, कोणत्या औषधाने जंतू मरतात ते तपासलं, दुर्बिणीने मूत्राशय पाहिलं. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?"

"दोनदाव. पहाटे, आनि अंधारं पडनं का."

"आणि मधे?"

"मधमा उजेड ऱ्हास ना, डाक्टर! लोके देखतीन!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोळ्या मी देतो. पण पाणी भरपूर प्या आणि अडवून धरू नका. नाहीतर पुन्हा इथेच याल."

आता खरी पंचाईत. आमच्या घरी सासरा-सून थेट बोलत नसत. दोघं अंगणातल्या म्हशीला सांगत आणि दुसऱ्याने ते ऐकायचं. वहिनी पदर ओढून म्हशीपुढे उभी राहिली. "म्हसबाई, आबासले सांग, परसमा आडोसा पाहिजे. दिवसना जावाले."

आबा लालबुंद. तेही म्हशीलाच म्हणाले, "तिले सांग, असा इषय या घरमा नको. लोके हासतीन!"

"लोकेसनं पोट दुखस का मन्हं?" वहिनीने म्हशीला विचारलं. म्हशीने शेपटी हलवली. वहिनीने पदर खोचला, शेतातून कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे आणले, दादाने खांब रोवले आणि संध्याकाळपर्यंत आडोसा उभा! गोळ्यांचा लांबलचक क्रम संपला, पाण्याचे तांबे रिचवले गेले, दुखणं हटलं. त्या दिवाळीत वहिनी बैलगाडीत बसून गाणी म्हणत म्हसावदला गेली. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग आमच्याच परसात रांग लावू लागल्या. आबा मात्र तिथून जाताना मान फिरवून घेत.

वहिनीच्या तेराव्याला मी परसात गेलो. काड्या जाऊन आता विटा आल्या आहेत, पण खुंटीवर वहिनीचा तांब्या तसाच लटकतो... त्याच्याकडे पाहिलं आणि त्या दुःखातही मला हसू फुटलं. कारण पुढे वय झालं तसं आबांनाही धरवेना. एका दुपारी धोतर सावरत ते आडोशापाशी धावत आले, तर आत वहिनी! त्यांनी म्हशीला शोधलं, ती चरायला गेलेली. मग आयुष्यात पहिल्यांदा आबा सुनेशी थेट बोलले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे:

"निंघ वं माय लवकर, आते मन्हा नंबर शे!"