मानेचा फोटो

गाडीवर कडबा रचताना तोल जाऊन मी डोक्यावर पडले, तेव्हा मनात पहिल्यांदाच शंका आली. लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आल्यापासून कानबाई देवीची सेवा केली, मग तिने मला सावरलं का नाही? मान वळेना. भाकरी थापताना डाव्या हाताला पिठाचा स्पर्शसुद्धा कळेना.

सासूबाईंनी हाडवैद्य बोलावला. त्याने मला ओसरीवर बसवलं आणि हनुवटी धरली. तेवढ्यात पाणी मागायला दाराशी आलेली एक अनोळखी बाई डोक्यावरचं टोपलं टाकून धावत आत आली आणि तिने त्याचा हात धरला.

"बाबा, मान नको फिराडू. मन्ही पोरनी मान आशीच फिराडी व्हती. मंग ती खाटवरथीन उठनीच नही."

ती रडत नव्हती, पण तिचे हात थरथरत होते. वैद्य मागे सरला. यजमानांनी गाडी जुंपली. त्या बाईने माझ्या मानेच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या उशा बांधल्या. नंदुरबारहून आगगाडीने आम्ही सुरतेला गेलो.

तिथे दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत मानेचा एक्स-रे फोटो काढायला मला फळीवर निजवलं. "श्वास रोखा, हलू नका," डॉक्टर म्हणाले. त्या क्षणी ओठांवरचं कानबाईचं नामही थांबलं. काही मागायचं उरलं नाही. आईने मांडीवर डोकं घ्यावं, तसं वाटलं. इतकं निश्चिंत मी कधी झाले नव्हते.

डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला. मानेचा एक मणका चिरला होता. "कुणी जोरात फिरवली असती, तर हातपाय कायमचे गेले असते," ते म्हणाले.

मग मानेला प्लास्टर आलं. जाऊबाई घास भरवायच्या, न्हाऊ घालायच्या. सगळं घर एकहाती चालवणारी मी, दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवायला शिकले. पुढच्या फोटोत हाड सांधलेलं दिसलं. बोटांत जीव आला.

आमची गाडी निघाली तशी ती बाई टोपलं उचलून निघून गेली होती; आम्ही तिचा पुष्कळ शोध घेतला, पण पत्ता लागला नाही. सासूबाई म्हणतात, "कानबाईच व्हती ती." मी नाही म्हणत नाही. पण तिच्या हातांची थरथर एका आईची होती. म्हणून दिवा लावल्यावर स्वतःसाठी काही मागण्याआधी, कुठल्याशा गावी खाटेवर पडलेल्या त्या लेकीसाठी मी हात जोडते. बहुतेक वेळा तेवढ्यावरच मन भरतं.