चॅसीचा छाप

अप्पांच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या मार्कशीटांखाली एक कागद असे. गाडी पासिंगला नेली की चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप द्यायचा, अशी रीत होती. त्यातला एक जास्तीचा छाप अप्पांनी ठेवून घेतला होता. त्यांना वाचता येत नव्हते.

अप्पा हसनाबादच्या एका शेठची पिकअप चालवत. मी कॉलेजात असताना दर सोमवारी त्याच गाडीने जालन्याला जायचो, मागे हौद्यात, सरकीच्या पोत्यांवर. पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा शेठची. शेठ नसले तरी अप्पा मला तिथे बसू देत नसत. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या हौद्यातून झाला, हे मी विसरलेलो नाही.

पुढे शेठने गाडी विकली. मी शिक्षक झालो, जालन्यातच मस्तगडला खोली घेतली. अप्पांची नजर अधू झाली. एकदा जेवताना म्हणाले, "त्या गाडीत एकदा निवांत बसायचं राह्यलं बघ." जन्मभर तिच्यात बसलेला माणूस असे का म्हणतो, हे मी विचारले नाही.

मी ती गाडी शोधू लागलो. शहागडला एका गॅरेजमागे तशीच पिकअप सापडली. चाके मातीत रुतलेली, हौद्यातून बाभूळ वर आलेली.

ही तीच का, म्हणून मी इंजिनाचा नंबर पाहू लागलो. "सर, इंजिनावर जाऊ नका," गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "ते कुनीतरी जीपचं बसवलंय. चॅसीचा नंबर बघा."

चॅसीवर गंज होता आणि वर दर दसऱ्याला फासलेल्या ऑइलपेंटचे थर. मी म्हणालो, "सगळं घासून साफ करा. नंबर स्पष्ट दिसला पाहिजे." आणि पेपर तपासायचे होते म्हणून निघून आलो.

पुढच्या रविवारी छाप खिशात घालून गेलो. चॅसी ताटासारखी चकाकत होती. मिस्त्रीने तिच्यावर ग्राइंडर फिरवला होता.

"नंबर कुठंय?"

त्याने जागेवरून बोट फिरवले. मग माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच म्हन्लं ना, साफ करा. येवढा शिकलेला मानूस सांगून राह्यला, मंग मी कमी कसं घासू?"

मला रागावता आले नाही. आधी छाप घ्या, एवढे साधे मी सांगितले नव्हते.

तरी काम थांबवले नाही. आठ महिन्यांचे रविवार गेले. एसटीची धूळ, तळाचा पत्रा, ब्रेक, गाद्या. काही रविवारी मी जुन्या टायरवर नुसता बसून राही. ही कोणाची गाडी आपण नीट करतोय, असे वाटे, आणि उत्तर शोधायचाही कंटाळा येई.

शेवटी अप्पांना नेले. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला. मग दार उघडून डॅशबोर्डखाली बराच वेळ चाचपले.

"हितं दोन भोकं होती. डब्याची पिशवी अडकवायचो."

मिस्त्री खुशीत म्हणाला, "बाबा, सगळी भोकं बुजवून टाकली. बिलकुल कोरी गाडी!"

"कोरी करायला कुनी सांगितलं?"

"मी," असे म्हणून मी कागद काढला आणि नंबराचेही सांगितले. "अप्पा, ही तीच का, आता कळायचा मार्ग नाही."

अप्पा बॉनेटला हात लावत दुसऱ्या बाजूला गेले, धोतर सावरले आणि शेठच्या जागेवर चढून बसले. पाठ टेकली.

"मिस्त्री, घ्या गोदावरीच्या पुलापर्यंत."

मी मधे सरकायला पाय उचलला.

"हितं कुठं येऊन राह्यला? तू मागं."

हौद्यात चढायला मला दोनदा उडी घ्यावी लागली. गाडी हलली. मागच्या काचेतून अप्पांची टोपी दिसत होती, आणि आवाजही येत होता, "दुसरा गिअर टाका, दुसरा. रडून राह्यली ती."

पुलावर वारा सुटला होता. खिशातला कागद उडू नये म्हणून मी त्यावर हात दाबून बसलो.